जिन्याखालचं ऊबदार पोतं

मामांनी लाकडाला कधी भोक पाडलं नव्हतं. लोखंडाला मात्र इतकी पाडली होती, की ती सगळी एकापुढे एक जोडली असती तर त्यातून आगगाडी नाही, पण निदान आपला संसार तरी पलीकडे गेला असता, असं मामी म्हणायच्या. मामींना टोमणा मारल्याशिवाय घास उतरत नसे आणि मामांना टोमणा ऐकल्याशिवाय.

कारखान्यात मामांना सगळे 'आरपार' म्हणत. पाइपाला पाइप जोडायच्या जाड स्टीलच्या कड्या तिथे बनायच्या आणि त्या कड्यांना भोकं पाडणं हे मामांचं काम. ते स्टील भलतंच हट्टी. ड्रिलचं टोक, म्हणजे बिट, टेकवल्यावर माणूस जरा कचरला, नुसतं घासत राहिला, की ते त्या जागी आणखी टणक होऊन बसायचं. मग बिट तुटो नाहीतर हात. म्हणून एकदा टेकवलं की थांबायचं नाही. वेग कमी, दाब भरपूर, वरून बिट थंड ठेवणाऱ्या कुलंटची पांढरी धार चालू आणि दांडा खाली, सरळ आरपार. मामांच्या उस्तादाने त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं, "मध्येच उचललंस तर मशीनवरून मी तुला उचलेन." मामांनी पुन्हा कधी उचललं नाही. पुढे उस्ताद गेला, कारखान्याला नवे मालक आले, मामांचे केस गेले, पण हाताची ती शिस्त गेली नाही.

मग एके दिवशी मशीनं गाड्यांत बसून दूर कुठेतरी गेली आणि माणसं फाटकाबाहेर उभी राहिली.

मामा घरी बसले. बसले म्हणजे काय, तर सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालून झालं, न गळणारे नळ दुरुस्त करून गळायला लागले, आणि मामी एकदा हात जोडून म्हणाल्या, "अहो, माझ्या पातेल्यांना तरी भोकं पाडू नका." त्याच सुमाराला भाचीचा निरोप आला.

भाची म्हणजे मामांच्या थोरल्या बहिणीची मुलगी. लाकडाचे उंच दिवे करायची. माणसाच्या खांद्याएवढा खांब, खाली जड बैठक, वर कापडी टोपी. खाली कार्यशाळा, वर दोन मोठ्या खोल्या, आणि दोन्हींना जोडणारा एकच लाकडी जिना. "वरची एक खोली रिकामीच आहे," तिने कळवलं होतं, "आणि खाली मला हात कमी पडतोय. दोघंही या."

"हात कमी पडतोय म्हणजे झाडू मारायला लावेल," मामी सामान बांधता बांधता म्हणाल्या.

"माझ्या हाताला झाडू?"

"मग काय, हार?"

ते वाक्य मामांच्या मनात रुतून बसलं. भाची जेवायला घालेल, रात्री गरम पाणी देईल, 'मामा मामा' करेल, सगळं खरं. पण खाली काम करणारा माणूस आणि वर राहणारा म्हातारा यांत फरक असतो. मामांना खाली काम करणारा माणूस व्हायचं होतं.

दिव्याच्या खांबात वायर जायला आतून लांबच लांब भोक लागतं. तेच काम होतं. खांब आडवा पकडायचा, हाताएवढं लांब बिट दांड्याने पुढे सारायचं, एका टोकाने अर्धं, मग खांब फिरवून दुसऱ्या टोकाने अर्धं, आणि मधोमध दोन्ही भोकं भेटली पाहिजेत. भाचीने ते आडवं ड्रिल दाखवलं तेव्हा मामांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं.

"हे? हे तर लोणी आहे गं. लाकूडच ना?"

"मामा, लाकूड लोणी नसतं," भाची म्हणाली. "थोडं आत गेलात की बाहेर काढायचं. भुसा झटकायचा. बिट निवलं की परत आत. पुन्हा बाहेर. घाई नाही करायची."

"कळलं कळलं."

कळलं होतं कानाला. हाताला नाही. मामांनी बिट टेकवलं आणि जन्मभराची सवय दांड्यावर जाऊन बसली. सरळ, एका दमात. आधी आवाज बारीक झाला, मग किंचाळल्यासारखा, आणि भोकातून निळसर धुराची एक रेघ वर निघाली.

"काढा! मामा, काढा मागे!"

मामांनी काढलं. बिटावर भुसा दगडासारखा घट्ट चिकटला होता आणि त्याच्या कडा काळ्या झाल्या होत्या. भाचीने खांब उजेडाकडे धरून आत पाहिलं. भिंत कोळशासारखी काळीभोर.

"मामा, तुम्ही भोक पाडताय की भाजताय?"

वरच्या पायरीवर बसलेल्या मामींना हसू आवरेना. "त्यांना दोन्ही एकदम येतं. तुझ्या आईकडे पापड भाजायला बसवलं होतं, आठवतंय?"

भाची हसली नाही. तिने बिटावरचा भुसा खरवडला. खाली साठलेल्या ढिगात न झटकता तो बाजूच्या पाण्याच्या तसराळ्यात टाकला. चर्र झालं. "हे असं ढिगात पडलं ना, की लगेच काही होत नाही. आत बसून राहतं. आपण वर जेवायला जातो, आणि ते आपलं हळूहळू पेटत राहतं." मग तिने मागच्या अंगणातला झाकणाचा पत्र्याचा डबा दाखवला. दिवसाचा भुसा दिवसा तिथेच गेला पाहिजे. इमारतीच्या आत भुसा रात्रभर राहता कामा नये, हा तिचा कायदा होता.

"आमच्याकडे ठिणग्या पायाशी नाचायच्या," मामा म्हणाले. "कुणाला काही झालं नाही."

"तुमच्याकडे ठिणगी लोखंडावर पडायची. इथे ती जेवणाच्या ताटात पडते."

पुढचे काही दिवस असेच गेले. भाची शेजारी उभी असली की मामा थांबत. ती लाकूड गोल करायच्या खरादाकडे वळली, की मामांचा हात पुन्हा आपल्या वाटेने जाई. त्यांना स्वतःचाच राग येई. मनात 'आता काढ' म्हणेपर्यंत दांडा पुढे गेलेला असे. एक बिट जळून निळं पडलं. दोन खांब आतून करपले. भाचीने ते बाजूला ठेवले. तिने फक्त एकदा, अगदी सहज, म्हटलं, "मामा, पॉलिशकडेही माणूस लागेल आता." मामींनी लगेच मामांकडे पाहिलं. मामांनी भिंतीकडे.

पॉलिश म्हणजे पॉलिश पेपरने घासत बसणं. त्याला मामांच्या कारखान्यात नवीन पोरं ठेवत.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाची तयार दिवे पोहोचवायला गाडी घेऊन गेली. "आलेच दुपारपर्यंत. खांब काढून ठेवलेत. जमेल तेवढेच करा, मामा." 'जमेल तेवढेच' हे शब्द मामांना बोचले.

मशीनसमोर उभे राहून मामांनी पूर्ण विचार केला. तो विचार, तसा पाहिला तर, अगदी बरोबर होता. बिट तापतं कशामुळे? घासल्यामुळे. घासणं कमी करतं काय? कुलंट. इथे कुलंट का नाही? कारण ही मंडळी लाकूडवाली, यांना कुणी शिकवलंच नाही. पाणी घातलं तर लाकूड फुगेल, एवढं मामांनाही समजत होतं. मग तेल. त्यांनी फळीवर शोधलं. खांबांना शेवटचा हात फिरवायचं भाचीचं जवसाचं तेल तिथे बाटलीत होतं. सोनेरी, घट्टसर. चांगल्या जातीचं तेल दिसतं, मामा मनाशी म्हणाले.

पहिल्या खांबाच्या तोंडात त्यांनी धार सोडली, बिटाला तेल चोळलं आणि दांडा पुढे लोटला. सरळ, एका दमात. बिट गुणगुणत आत गेलं. ना किंचाळणं, ना धूर. भुसा ओला होऊन वळकट्या वळकट्यांनी बाहेर आला, अगदी कारखान्यातल्यासारखा. मामांच्या खांद्यातून काहीतरी उतरलं. ते चक्क शीळ घालायला लागले.

"काय हो, लॉटरी लागली का?" वरून मामी.

"तू तुझी भाजी चीर."

दुपारपर्यंत सगळे खांब आरपार झाले. मामांनी जमीन लख्ख झाडली. तेलकट भुसा भरपूर निघाला होता आणि अंगणातला डबा आधीच गळ्यापर्यंत आला होता. शिवाय तो तेलाने गोळा झालेला भुसा डब्यात वरच दिसला असता, आणि भाचीने विचारलं असतं. विचारायला हरकत नव्हती. पण आधी तिने भोकं बघावीत, मग विचारावं, असं मामांना वाटलं. त्यांनी एक रिकामं पोतं घेतलं, सगळा भुसा त्यात भरला, हात पुसलेल्या चिंध्याही त्यातच कोंबल्या, पायाने दाबून दाबून जागा केली, तोंड सुतळीने आवळलं आणि पोतं जिन्याखालच्या खोबणीत सरकवून दिलं. उद्या टाकू बाहेर. कारखान्यात लोखंडाचा तेलकट कीस पिंपात महिनोन्‌महिने पडून असायचा. त्याचं कुणी काय बघायचं?

भाची आली. तिने एक खांब उचलला, खिडकीकडे तोंड करून डोळा लावला. मग दुसरा. मग तिसरा. मामा बघत नाहीयेत असं दाखवत बघत होते.

"मामा," ती म्हणाली, "हे तुम्ही केलंत?"

"नाही, तुझी मामी खाली आली होती."

"एकही करपलेलं नाही!" ती खरोखर खूश झाली होती. "बघा, मी म्हटलं नव्हतं? मनात आणलंत की जमतं. आता लांब ड्रिल तुमचंच. मी हातच लावत नाही."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. मामांच्या ओठांवर आलंही होतं. पण 'तुमचंच' हा शब्द इतका गोड लागला, की त्यांनी तो आधी नीट चघळायचा ठरवला.

उन्हं कलली तेव्हा मामी लसूण सोलायला खाली येऊन बसल्या. वर उकडतं आणि खाली बोलायला माणसं असतात, म्हणून हे त्यांचं रोजचंच. पण आज त्या पाट घेऊन जिन्याच्या खालच्या पायरीशी, खोबणीला पाठ लावून बसल्या आणि तिथून हलेचनात.

"मामी, इकडे उजेडात ये की," भाची खरादावरून म्हणाली.

"नको गं. इथे बरं वाटतंय. सकाळपासून कंबर धरलीये, आणि या पोत्याला टेकलं की कसं शेक घेतल्यासारखं वाटतं."

खराद चालू होता, म्हणून भाचीला नीट ऐकू गेलं नाही. मामांना गेलं. ते खांबाला कापड मारत होते. कापड थांबलं.

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, ऊबदार आहे पोतं. तुम्हीही टेका जरा, तुमचाही खांदा—"

"कुठलं पोतं?"

"अहो, इथे एकच तर आहे."

खोबणीत ऊन पोहोचत नव्हतं. शेजारी चूल नव्हती, मशीन नव्हतं. मामांनी जाऊन पोत्यावर तळहात ठेवला. वर कोमट. बोटं आवळलेल्या तोंडाच्या चुण्यांमधून जरा आत सरकवली, आणि त्यांनी हात झटकन मागे घेतला. तापलेल्या स्टीलचा चटका त्यांना ओळखीचा होता, पण हे लोखंड नव्हतं. नाकाला काहीतरी आंबट, करपट लागलं. याच जिन्याच्या वर त्यांची खोली होती, आणि खाली यायला दुसरी वाट नव्हती.

"ऊठ," ते मामींना म्हणाले.

"अहो, लसूण—"

"ऊठ म्हणतो ना!"

मामा त्यांच्यावर असे कधी ओरडले नव्हते. मामी उठल्या. लसूण सगळीकडे सांडला. भाचीने खराद बंद केला. मामांनी सुतळीच्या गाठीला हात घातला होता.

"उघडू नका!" भाची धावत आली. "मामा, उघडू नका, वारा लागला की पेटेल. तसंच उचला. बाहेर!"

दोघांनी पोत्याची दोन टोकं धरली. जमिनीवरून फरफटत, उंबऱ्यावरून खेचत ते अंगणात आणलं. दगडी फरशीवर टाकताच पोत्याच्या बुडाशी एक काळा डाग उमटला, रुंद होत गेला, आणि तिथून धूर निघाला. मग एक लहानशी जीभ. मामींनी अंगणातली बादली उचलून थेट ओतली. भाचीने नळाला पाइप लावला. पाणी पडत होतं तरी पोतं आतून धुमसत होतं. मामांनी फावड्याने ते फोडलं तेव्हा मध्ये लाल निखाऱ्याचं काळीज होतं. त्यावर तिघांनी मिळून इतकं पाणी ओतलं की अंगणाचं तळं झालं.

सगळं विझल्यावर भाची खाली वाकली. काळ्या चिखलातून तिने एक चिंधी ओढून काढली, हुंगली.

"मामा. यात काय होतं?"

"भुसा."

"नुसता भुसा आपला आपण तापत नाही."

"तेल होतं."

"कुठलं?"

"तुझं. फळीवरचं."

भाचीने चिंधी फरशीवर पसरली. मग म्हणाली, "जवसाचं तेल सुकताना गरम होतं, मामा. पसरलेलं असलं तर कळतही नाही. दाबून भरलं, की ती ऊब बाहेर जायला वाट नसते. मी चिंध्या दोरीवर वाळत घालते ते काय हौस म्हणून? आणि तुम्ही ते जिन्याखाली ठेवलंत? तुमच्या बायकोच्या पाठीशी?"

"मला वाटलं, तेल म्हणजे थंडावा," मामा म्हणाले. "आमचं कुलंट असं करत नाही."

"तुमचं कुलंट! मी दुपारी एवढी खूश झाले... मला सांगितलं का नाहीत?"

याचं उत्तर मामांकडे होतं, पण ते अंगणात उभं राहून देण्यासारखं नव्हतं. मामींनी ते दिलं. "पॉलिशला बसवशील म्हणून," त्या म्हणाल्या. या वेळी त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता.

"लांब ड्रिल बंद," भाची म्हणाली. "उद्यापासून हात लावायचा नाही."

मामांनी मान हलवली. तेल प्यालेले ते सगळे खांब त्यांनी स्वतःच एकेक करून अंगणात भिंतीशी उभे केले, मध्ये अंतर सोडून. रात्री जेवताना मामी एकदा म्हणाल्या, "कंबर मात्र मोकळी झाली हो," आणि भाचीला इच्छा नसताना हसू आलं. मामांना नाही आलं.

सकाळी ते खाली आले ते सरळ पॉलिश पेपर घेऊन बसले. घासता घासता भाचीकडे बघत राहिले. ती लांब ड्रिलवर होती. आत, बाहेर, ब्रशने एक झटका. आत, बाहेर, झटका. मामांनी आतापर्यंत ती काय सांगते ते ऐकलं होतं, ती काय करते ते बघितलं नव्हतं. तिचं बिट खोल जाई तशी त्याची दर वेळची पुढची उडी छोटी होत जाई, हे तिने कधी सांगितलंच नव्हतं; बहुधा तिलाही ठाऊक नसावं.

"तुझा हात थांबतो," ते दुपारी म्हणाले. "माझा थांबत नाही. मी सांगून पाहिलं त्याला. शिव्याही घालून पाहिल्या."

"मग?"

"मग त्याला सांगायचंच कशाला? मशीनलाच सांगू."

अडगळीतून त्यांनी लोखंडाची एक पट्टी काढली. तिच्यावर कानशीने खाचा पाडल्या. सुरुवातीला लांब लांब, पुढे जवळ जवळ. पट्टी मशीनच्या कडेला बसवली आणि दांड्याला एक बोटभर खिटी लावली. खिटी खाचेत पडली की दांडा अडायचा. कितीही जोर करा, पुढे नाही. बिट पूर्ण मागे, खांबाच्या बाहेर आणलं, तरच खिटी उचलली जाई आणि पुढच्या खाचेपर्यंतची वाट मोकळी होई. तोवर भुसा झटकायला आणि बिट निवायला वेळ आपोआप मिळे. हे जमवायला मामांना दिवस गेला आणि दुसऱ्या दिवसाचा बराच भाग. भाची येता-जाता बघत होती.

मग ती मशीनपाशी उभी राहिली. स्वतः दांडा धरून तिने मुद्दाम जोर लावला. अडला. मागे घेतला, खिटी सुटली. पुन्हा. पुन्हा.

"वेळ जाईल हो याच्यात," ती म्हणाली. "दिवसाला खांब कमी होतील."

"होऊ देत."

"आणि तेल?"

"बाटली वर तुझ्या मामीच्या कपाटात ठेव. किल्ली तिच्या कमरेला असते. तिथून तेल काढायचं म्हणजे..." मामांनी वाक्य सोडून दिलं.

"ऐकू येतंय मला," वरून आवाज आला.

भाचीने कोपऱ्यातला एक कोरा खांब उचलला, मशीनवर पकडला, आवळला, आणि बाजूला झाली. तिथून ती हलली नाही. हाताची घडी घालून उभी राहिली.

"मागे काढून दाखवा."

मामांनी चष्मा सारखा केला. बिट लाकडाला टेकलं. पांढरा, कोरडा भुसा सुटला आणि खाली तसराळ्यात पडायला लागला. पहिली खाच आली, खिटी पडली, दांडा थबकला. हाताने तरीही एकदा जोर करून पाहिला, अगदी नकळत. दांडा हलला नाही. मामांनी तो मागे घेतला.